खोक्यावरचं नाव नंतर बघू, आधी सांगा इंजिन किती उघडायचंय

पत्र थोडक्यात असं आहे: पेट्रोल गाडी, ११ वर्षं जुनी, १,३८,००० किलोमीटर झालेली. दोन वर्षांपूर्वी थर्मोस्टॅट खराब झाला तेव्हा मेकॅनिकच्या सांगण्यावरून बाहेरचा, स्वस्तातला बसवला. पुढे वर्षभरातच एकदा चढावर टेंपरेचरचा काटा लालमध्ये गेला, "घर चारच किलोमीटरवर होतं म्हणून तशीच आणली." थर्मोस्टॅट परत बदलला पण तेव्हापासून कूलंट थोडं थोडं कमी होतंय. आता मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग म्हणजे हेड, खालचा ब्लॉक, त्या दोघांच्या मधलं सील) गेलंय, हेड उतरवायला लागणार, आणि उतरवतोच आहोत तर टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, सील, प्लग सगळंच करून टाकू, पार्ट बाहेरचे टाकतो, "सेमच माल असतो." मोठा भाऊ म्हणतो एकदा स्वस्ताच्या नादात इंजिन घालवलंस, आता एक नटसुद्धा ओरिजिनल सोडून टाकू नकोस, नाहीतर गाडी काढून टाक. सगळं कंपनीचं घेतलं तर पार्टचं बिल जवळजवळ अडीचपट होतंय. "दोघांपैकी कोणाचं ऐकू? आणि खरंच माझ्या कंजूषपणामुळे इंजिन गेलं का?"

शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा वाटलं की विचारताय तुम्ही पार्टबद्दल पण आत टोचतंय ते हेच. आणि ते टोचणं तसंच राहिलं ना, तर तुम्ही आता भावाला गप्प करायला सगळं महागडं घ्याल, गरज असो नसो, आणि मग तो पण निर्णय चुकीचाच.

तर थर्मोस्टॅट म्हणजे काय, मेणाने भरलेली एक छोटीशी डबी. इंजिन गार असताना बंद, मग साधारण ८० ते ९० डिग्रीच्या मध्ये कुठेतरी मेण वितळतं, फुगतं, दांडी ढकलतं, झडप उघडते आणि कूलंट रेडिएटरकडे जायला लागतं. ती झडप बंदच अडकली की इंजिन तापणार. कंपनीचा थर्मोस्टॅट पण अडकतो बरं का, बाहेरचा पण अडकतो, हलक्या मालाचा लवकर अडकतो एवढं खरं. पण थर्मोस्टॅट अडकल्याने हेड गॅस्केट लगेच जात नाही हो, काटा लालमध्ये गेल्यावर गाडी चालवत राहिलं की जातं. हेड ॲल्युमिनियमचं, खाली ब्लॉक बऱ्याच गाड्यांत बिडाचा, दोघं तापल्यावर सारखे फुगत नाहीत, हेड जास्त फुगतं, बोल्टांनी आवळलेलं असतं म्हणून त्याला जागा मिळत नाही, मग ते वाकडं होतं आणि मधलं गॅस्केट चेंगरून बसतं. तुमच्या पत्रातलं ते चार किलोमीटरचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तुम्हाला बोल लावायला नाही म्हणत आहे, तिथे शंभरातले नव्वद लोक हेच करतात, मी पण एकदा केलंय आणि मला तर माहीत असून केलंय. पण हिशोब लावायचाच असेल तर नीट लावू, एका पार्टच्या डोक्यावर सगळं खापर नको. (ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: काटा चढायला लागला की एसी बंद, हीटर फुल, जागा बघून बाजूला थांबायचं आणि इंजिन बंद. आणि गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी नाही, हात आणि तोंड दोन्ही भाजतं.)

अजून एक शक्यता आहे ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. थर्मोस्टॅट बदलताना कूलंट काढावं लागतं, परत भरताना आत हवा राहते, ती नीट काढली नाही तर हवेचा फुगा अडकून पार्ट चांगला असूनही गाडी तापते. बऱ्याच थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक भोक असतं, त्यात सैल लटकणारी छोटी पिन, हवा निसटायला. बसवताना साधारण ती बाजू वर ठेवायची असते. खाली करून बसवला तर हवा जाणार कुठून? म्हणजे बघा, तेव्हा चुकलं ते पार्टमुळे, का बसवण्यामुळे, का चालवत आणण्यामुळे, का तिन्हीमुळे, हे आपल्याला आज माहीतच नाहीये आणि दादांनी मात्र निकाल देऊन टाकलाय.

तो जुना थर्मोस्टॅट तुमच्याकडे किंवा गॅरेजमध्ये पडलेला असेल तर मागून घ्या. पातेल्यात पाणी घ्या, दोऱ्याला बांधून थर्मोस्टॅट त्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, सोबत थर्मामीटर, आणि हळूहळू तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा काहीतरी आकडा कोरलेला असतो, त्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे आणि अजून दहा-बारा डिग्री गेल्यावर पूर्ण उघडला पाहिजे. नाही उघडला तर मेकॅनिकला दाखवायला तुमच्याकडे काहीतरी आहे. उघडला तर प्रश्न दुसराच आहे.

आता दुसरी गोष्ट. हेड गॅस्केट गेलंय हे नक्की कशावरून? पत्रात एवढंच आहे की कूलंट कमी होतंय आणि मेकॅनिक म्हणतो. कूलंट कमी व्हायला दहा रस्ते आहेत. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं, आतला सील गेला की त्यातून थेंब थेंब येतं आणि गरम इंजिनवर पडून वाळून जातं, खाली डाग पण दिसत नाही, फक्त पांढरट-गुलाबी खुणा राहतात. हीटरच्या आतली जाळी गळते, मग पॅसेंजरच्या पायाखालचं कार्पेट ओलं. नाहीतर सगळ्यात साधं म्हणजे रेडिएटरचं झाकण. ते नुसतं झाकण नाही, त्यात स्प्रिंग असते, ती साधारण एक बारचं प्रेशर धरून ठेवते, आणि त्या प्रेशरमुळे साधं पाणीसुद्धा १०० ऐवजी १२० डिग्रीच्या जवळपास उकळतं. स्प्रिंग मेली की कूलंट लवकर उकळून बाहेर जातं. सगळ्या यादीतला सगळ्यात स्वस्त पार्ट असेल तो, आणि तुमच्या यादीत तो नाहीये.

म्हणून हेड उतरवण्याच्या आधी तीन टेस्ट करून मागा. कूलिंग सिस्टीमची प्रेशर टेस्ट, म्हणजे हातपंपाने हवा भरून काटा पडतो का बघतात. कंप्रेशन किंवा लीक-डाऊन टेस्ट, म्हणजे सिलिंडर दाब धरतोय का बघतात. आणि ती निळ्या पाण्याची टेस्ट, रेडिएटरच्या तोंडावर एक नळी बसवतात, त्यात निळं केमिकल असतं, सिलिंडरमधला गॅस कूलंटमध्ये येत असेल तर ते पिवळं पडतं. स्वतःच्या डोळ्याने बघा. पिवळं पडलं तर गॅस्केट किंवा हेड, वाद संपला. निळंच राहिलं आणि बाकीच्या टेस्टमध्ये पण काही निघालं नाही तर थांबा, आधी पंप, पाईप, झाकण बघून घ्या. मी स्पेअर पार्टच्या काऊंटरवर बरीच वर्षं काढली, हेड गॅस्केटचा सेट घेऊन गेलेला माणूस आठवड्याने वॉटर पंप घ्यायला परत आलेला मी एकदा नाही, कितीतरी वेळा बघितलाय.

समजा गॅस्केटच गेलंय. मग आता ओरिजिनल का बाहेरचं.

काऊंटरवर दिवसाला पन्नास वेळा ऐकलेला प्रश्न हा, "ओरिजिनल आहे ना?" आणि मी म्हणायचे "हो", कारण त्या शब्दाचा अर्थच प्रत्येकाचा वेगळा. गाडीच्या कंपन्या ब्लॉक, हेड, क्रँक असले मोठे भाग बहुतेक स्वतः बनवतात किंवा स्वतःच्या नजरेखाली बनवून घेतात, पण इंजिनच्या आजूबाजूचं कितीतरी सामान दुसऱ्यांकडून येतं. बॉश, डेन्सो, माहले, एनजीके, गेट्स, व्हॅलिओ, शेफ्लरचं आयएनए, ही सगळी गाड्यांच्या कारखान्यांना माल देणारी मंडळी. तोच माल गाडीच्या कंपनीच्या खोक्यात गेला की "ओरिजिनल" आणि त्यांच्या स्वतःच्या खोक्यात आला की "बाहेरचा". एकदा मी दोन टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं चाक) शेजारी शेजारी ठेवून बघितले होते, एक या खोक्यातला एक त्या, आणि दुसऱ्याच्या अंगावर एका जागी धातू घासल्याचा खरखरीत डाग होता, बरोबर तिथेच जिथे पहिल्यावर गाडीच्या कंपनीचं चिन्ह होतं. बाकी दाते, खाचा, अगदी ओतकामातली रेघसुद्धा तीच. असा माल असेल तर तुमचा मेकॅनिक खरं बोलतोय.

पण "सेमच माल" हे वाक्य तो सगळ्याच खोक्यांबद्दल म्हणत असेल तर नाही. कारण बाहेरच्यातच तीन-चार जाती आहेत. एक वरची, कारखान्याला देणारी. दुसरी, कारखान्याला न देणारी पण स्वतःचं नाव असलेली, स्वतःचं डिझाईन करणारी, यात काही फार चांगले असतात, कधीकधी कंपनीच्या पार्टमधली खोट त्यांनी सुधारलेली असते, उदाहरणार्थ प्लास्टिकचा पंखा तुटायचा म्हणून धातूचा पंखा लावलेला वॉटर पंप. तिसरी, नुसतं खोकं छापणारी, माल कुठून तरी उचललेला, आज एक उद्या दुसरा. आणि चौथी, सरळ डुप्लिकेट. आता दादांना हे नक्की वाचायला द्या: डुप्लिकेट कोणाचं बनवतात? जे नाव चालतं त्याचंच की. म्हणजे "ओरिजिनल"च्या खोक्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारा माणूसच त्याचं पहिलं गिऱ्हाईक. कंपनीचा पार्ट घ्यायचाच असेल तर अधिकृत डीलरच्या काऊंटरवरून बिलासकट घ्या, "माझ्या ओळखीच्याकडे ओरिजिनल अर्ध्या भावात मिळतं" असं कोणी म्हणालं की उठून या.

कंपनीच्या पार्टचा एक फायदा मात्र मान्य करायला पाहिजे, आणि तो लोक विसरतात. गाडी बाजारात आल्यावर कंपनीला कळतं की अमुक टेन्शनर लवकर जातोय, मग ते गुपचूप डिझाईन बदलतात आणि पार्ट नंबरच्या शेवटचं अक्षर बदलतं. डीलरकडे चासी नंबर दिला, तो १७ अक्षरांचा, की तुम्हाला आपोआप नवीन सुधारलेला नंबर मिळतो. बाहेरच्या खोक्यात कधीकधी जुन्याच डिझाईनची कॉपी पडलेली असते. म्हणून पार्ट बाहेरचा घेणार असाल तरी नंबर आधी डीलरकडून काढायचा, आणि त्या नंबरवरून बाहेरचा शोधायचा. "अमुक गाडीचा बेल्ट द्या" असं म्हणून घ्यायचा नाही, एकाच गाडीत वर्षाच्या मध्येच इंजिन बदललेलं असतं.

हे मी अनुभवावरून सांगतेय. एकदा एका गिऱ्हाइकाला प्लग दिले, त्याच्या मापाचे नव्हते म्हणून दुसऱ्या कंपनीचे, आणि उष्णतेचा आकडा मी माझ्या मनाने जुळवला. आता एनजीकेमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड, आणि बॉशमध्ये बरोबर उलटं, आकडा मोठा तर प्लग गरम. मी उलटंच धरलं. तो माणूस पंधरा दिवसांनी काळेकुट्ट, काजळी धरलेले चार प्लग घेऊन आला आणि काऊंटरवर ओळीने मांडले, एक शब्द बोलला नाही. दोन्ही कंपन्या चांगल्या, दोन्ही खोकी खरी, चुकले मी. तेव्हापासून मी तक्ता बघितल्याशिवाय क्रॉस नंबर, म्हणजे एका कंपनीच्या नंबरला जुळणारा दुसऱ्या कंपनीचा नंबर, दिला नाही.

बरं, तुमची यादी. ती बघताना मी खोक्याचं नाव आधी बघत नाही. दोन गोष्टी बघते, हा पार्ट उद्या गेला तर सोबत काय घेऊन जाईल, आणि तो परत बदलायला किती उघडायला लागेल. या दोन्हीचं उत्तर "खूप" असेल तिथे चिंधीगिरी नाही. दोन्हीचं उत्तर "काही नाही" असेल तिथे अडीचपट देणं मला पटत नाही.

टायमिंग बेल्टपासून सुरू करते कारण तिथे मी अजिबात ऐकून घेणार नाही. बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकाच जागेत आळीपाळीने येतात, बेल्ट ही आळीपाळी सांभाळतो. बेल्ट तुटला किंवा दोन-तीन दाते सरकला की पिस्टन जाऊन व्हॉल्व्हवर आपटतो, व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनला भोक. आणि हल्लीचे बेल्ट वरून बघून कळत नाहीत, जुन्या रबरासारख्या भेगा पडत नाहीत, चांगला दिसत दिसतच तुटतो. म्हणून किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल त्याला बदलायचा, आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला. आणि नुसता बेल्ट नाही, पूर्ण किट, म्हणजे बेल्ट, टेन्शनर, आयडलर (बेल्टला वाट दाखवणारं चाक), आणि पंप बेल्टवरच फिरत असेल तर पंप पण. कितीतरी वेळा बेल्ट शाबूत असतो, टेन्शनरचं बेअरिंग जाम होतं आणि तेच बेल्टला घेऊन जातं. हे किट कंपनीचं घ्या किंवा कारखान्याला देणाऱ्याच्या खोक्यातलं घ्या, दोन्ही चालेल मला, पण एकाच ठिकाणचं घ्या, बेल्ट याचा टेन्शनर त्याचा अशी खिचडी नको. बेल्टवर तारीख छापलेली असते, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला नको. आणि कोणी तो बेल्ट मुठीत दुमडून, पिळून दाखवत असेल तर तोच बेल्ट बसवू देऊ नका, आतल्या काचेच्या दोऱ्या तिथेच तुटतात.

हेड गॅस्केट. इथे गंमत अशी आहे की दादांचा सल्ला कदाचित उलटा पडेल. हेड उतरवल्यावर त्याच्यावर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) वाक बघतात, बऱ्याच इंजिनांत ०.०५ मिलिमीटरच्या आसपासच सूट असते, म्हणजे केसापेक्षाही बारीक. तुमचं हेड तापलेलं आहे, म्हणजे फेसिंग, म्हणजे मशीनवर घासून सपाट, करायला लागण्याची शक्यता बरीच. (काही कंपन्या फेसिंगला परवानगीच देत नाहीत, ते मॅन्युअलमध्ये बघायचं.) फेसिंग केलं की हेड तेवढं पातळ होतं, व्हॉल्व्ह पिस्टनच्या तेवढे जवळ येतात, कंप्रेशन वाढतं. ते भरून काढायला जाड गॅस्केट लागतं, आणि बऱ्याचदा गाडीच्या कंपनीकडे एकच जाडी असते पण एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झसारखे गॅस्केटवाले काही इंजिनांना दुरुस्तीची जाड साईज काढतात. म्हणजे तिथे "बाहेरचं" हेच बरोबर. आणि गॅस्केट कोणाचंही असो, ते टिकणार की नाही हे जास्त करून पृष्ठभागावर ठरतं. हल्ली पोलादाच्या तीन-चार पत्र्यांचं गॅस्केट असतं, त्याला खालचा आणि वरचा भाग एकदम गुळगुळीत लागतो. ग्राइंडरला ती घासायची डिस्क लावून ब्लॉक साफ करत असतील तर हात जोडून थांबवा, एक तर खड्डे पडतात आणि दुसरं म्हणजे त्या डिस्कचा भुगा तेलाच्या वाटेने आत जातो आणि बेअरिंग खातो, मग तुम्ही परत मला पत्र लिहाल की ओरिजिनल गॅस्केट टाकून पण इंजिन वाजायला लागलं.

हेडचे बोल्ट नवीन घ्या. बऱ्याच इंजिनांत ते एकदाच वापरायचे असतात, आवळताना मुद्दाम ताणले जातात, आधी ठराविक टॉर्क (आवळण्याचा मोजलेला जोर) आणि मग ९० डिग्री, परत ९० डिग्री असं फिरवून. जुने परत वापरले की कधी धरतात कधी नाही. बोल्ट मी कंपनीचेच घेईन, इथे वाचणारे पैसे एवढे कमी असतात की विचार करण्यात वेळ घालवू नये. व्हॉल्व्हचे सील पण तसेच, इवलेसे रबर, पण ते बदलायला जो खटाटोप आहे तो आता हेड टेबलावर असताना फुकटात होतो, तेव्हा चांगल्या नावाचे, उष्णता सहन करणाऱ्या रबराचे घ्या. रंगावरून ओळखता येतं असं कोणी सांगितलं तर हसा आणि सोडून द्या.

थर्मोस्टॅट आणि झाकण, यावेळी चांगलंच. आणि कूलंट मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकारचं, नळाचं पाणी नाही.

बाकीचं पटपट. एअर फिल्टर, प्लग, बाहेरचे बेल्ट, होज पाईप, हे सगळं नावाजलेलं बाहेरचं बिनधास्त घ्या, अर्ध्या तासात परत बदलता येतं. एअर फिल्टरला एकच बघा, कडेचं रबर डब्यात चारही बाजूंनी घट्ट बसतंय ना, फट राहिली की धूळ सरळ सिलिंडरमध्ये. ऑइल फिल्टर दिसायला सगळे सारखे, पण आत एक रबराची चकती असते जी गाडी बंद असताना तेल खाली ओघळू देत नाही. हलक्या फिल्टरमध्ये ती कडक होते, मग सकाळी स्टार्ट मारल्यावर दोन सेकंद खडखड आवाज येतो, तो आवाज आला की पुढच्या वेळी ब्रँड बदला. सेन्सरच्या बाबतीत मी जरा घाबरट आहे, स्वस्त सेन्सर पूर्ण मेला तर बरं, पण तो थोडंसं खोटं बोलत राहतो आणि माणूस सहा महिने भलतंच शोधत बसतो. इंजिन माउंटिंग बाहेरचं टाकलं तर गाडी थोडी जास्त थरथरेल, धोका काही नाही, तुमच्या सहनशक्तीचा प्रश्न.

म्हणजे माझ्या हिशोबाने तुमचं बिल अडीचपट होत नाही, मधे कुठेतरी येतं.

आता मेकॅनिक. तुम्ही लिहिलंय की तो पार्टवर कमिशन खातो म्हणून भाऊ म्हणतो पार्ट आपण स्वतः आणून द्यायचे. खात असेल. तो पार्ट आणायला जातो, चुकीचा निघाला तर बदलून आणतो, त्याचे काहीतरी घेणारच. पण तुम्ही आणून दिलेला पार्ट उद्या फेल झाला तर तो म्हणणार पार्ट तुमचा, आणि पार्टवाला म्हणणार बसवणं चुकलं, आणि तुम्ही मधे. बहुतेक पार्टची वॉरंटी पार्टपुरतीच असते, परत हेड उतरवायची मजुरी त्यात नसते, आणि हेड गॅस्केटच्या कामात खरा पैसा मजुरीचाच असतो. तेव्हा त्याला शांतपणे एकच विचारा, "पार्ट तुम्हीच आणा, पण सहा महिन्यांत परत उघडायला लागलं तर मजुरी कोणाची?" त्याने "माझी" म्हटलं आणि बिलावर लिहून दिलं तर तो कुठला पार्ट टाकायचा याचा विचार आपोआप नीट करेल. गोलगोल उत्तर दिलं तर कंपनीचा पार्ट टाकून पण त्याच्याकडे काम देऊ नका.

आणि बिलावर "गॅस्केट सेट, एक नग" असं नको. ब्रँड आणि पार्ट नंबर लिहायला सांगा. बसवायच्या आधी खोक्यांचे फोटो, बॅच नंबर दिसेल असे. जुने पार्ट सगळे परत घ्या, पिशवीत भरून, आणि नवीन बसवण्याच्या आधी जुना-नवा शेजारी ठेवून बघायला सांगा, बेल्टचे दाते मोजायचे, पंपाचा पंखा, भोकांची जागा. काऊंटरवर येणारा एक म्हातारा फिटर होता, जुना पार्ट फडक्यात गुंडाळून आणल्याशिवाय नवीन घ्यायचाच नाही, आम्ही पोरंपोरी त्याला हसायचो. त्याचा माल परत आलेला मला एकदाही आठवत नाही.

ज्यांची गाडी अजून वॉरंटीत आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. बाहेरचा फिल्टर टाकला म्हणून सगळी वॉरंटी गेली असं सरसकट कुठेच धरून चालू नका. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नुसन-मॉस कायदा आहे, त्यानुसार नुसतं बाहेरचा पार्ट वापरला म्हणून वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे दाखवावं लागतं. तुमच्याकडे नियम काय आहे ते वॉरंटीच्या पुस्तकात वाचा, डीलरच्या तोंडून नको. आणि वॉरंटीत असलेल्या गाडीचं इंजिन उघडायची वेळ आलीच तर ते काम त्यांच्याच गळ्यात घाला.

गाडी काढून टाकायची का, यावर मी आत्ता काही बोलणार नाही, निळं पाणी पिवळं पडतंय का हे माहीत नसताना विकलीत तर गेलेल्या इंजिनच्या भावात जाईल आणि कदाचित त्यात नुसतं झाकण खराब असेल. टेस्टमध्ये ते पिवळं पडलं तर हेड मशीन शॉपला जाऊन येऊ द्या, त्याला चीर आहे का ते प्रेशर देऊन तपासून घ्या. चीर निघाली तर मग बसून हिशोब करा, तेव्हा दादांचा दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा जास्त कामाचा ठरू शकतो.

काम झाल्यावर पहिले काही दिवस रोज सकाळी, इंजिन गार असताना, कूलंटची लेव्हल बघा आणि टाकीवर मार्करने रेघ मारून तारीख टाका. सुरुवातीला थोडी खाली येईल, आत राहिलेली हवा निघते तेवढी, मग थांबली पाहिजे.

आणि तो जुना थर्मोस्टॅट पातेल्यात उघडला का नाही ते मला नक्की कळवा, दादांना सांगायच्या आधी.